उपाशीपोटीं म्हणजे काय?

आपल्या घरांतून ‘उपास’ या शब्दास जी सवलत मिळाली आहे, ती मधुमेहाच्या तपासणीस मानवत नाहीं. एकादशीस साखरेचा चहा चालतो. रक्त देण्यापूर्वीं तो चालत नाहीं. निर्जळ राहण्याचेंही कारण नाहीं. निदान आठ तास साध्या पाण्याखेरीज कांहीं घेऊं नये, एवढाच या उपासाचा नियम.

राणीसावरगावाहून घरांतील वडील माणूस रक्त देण्यासाठीं पहाटे गंगाखेडास निघालें, कीं सूनबाई मायेनें अर्धा कप चहा पुढें करते. “जेवण थोडेंच आहे?” पण पेयांतील साखर थोड्याच मिनिटांत रक्तांत उतरूं लागते, गुळाचा चहाही त्यास अपवाद नाहीं. मूत्राकडे मुंग्या धांवतात हें लक्षण चरकसंहितेंत आहे. आज निदान आंकड्यावर ठरतें. उपाशीपोटीं १०० मिलिलिटर रक्तांत साखर १०० मिलिग्रॅमच्या आंत असावी. १२६ वा अधिक भरून पुन्हां तपासतांही तसेंच आलें, तर मधुमेह. ११५ चा आंकडा एका कपानें ती रेघ ओलांडूं शकतो, आणि घरभर चिंता पसरते.

गंमत अशी कीं, एका तपासणींत वैद्यकच गोड पाणी पाजतें. पण तें मोजून, ७५ ग्रॅम ग्लुकोजचें, आणि रक्त बरोबर दोन तासांनीं घेऊन.

कांहीं मंडळी चार दिवस साखर सोडून आंकडा उतरवूं पाहतात. ‘एचबीएवनसी’ ही तपासणी मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. तिला उपासही नको. मात्र रक्त कमी असल्यास तीही फसवूं शकते, हें डॉक्टरांस आधीं सांगावें. चहा घेतला गेलाच, तर तेंही लपवूं नये. दुसऱ्या दिवशीं पुन्हां जावें.