वेंगुर्ल्यात मे महिना

वेंगुर्ल्याला जाणारा माणूस आज कुडाळ नाहीतर सावंतवाडी स्टेशनवर उतरतो आणि एसटी पकडून पश्चिमेकडे निघतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वी हाच माणूस समुद्राच्या बाजूने यायचा. मुंबईहून सुटलेली बोट रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरं घेत वेंगुर्ल्यासमोर दूरवर नांगर टाकायची. मग माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या सगळं पडावात उतरायचं आणि पडाव किनाऱ्याला लागायचा. माझी आई लग्न होऊन या गावात आली ती बोटीनेच. बंदरावर उतरल्यावर समोर दिसला तो लाल चिऱ्यांचा गाव, ही तिची वेंगुर्ल्याची पहिली ओळख. आता बोट नाही. गावात शिरायची बाजूच बदलली आहे, आणि वेंगुर्ल्याची बरीचशी गोष्ट या बदललेल्या बाजूची आहे.

मे महिन्याच्या उत्तरार्धात मी आईकडे राहायला जाते. पर्यटकांना हा महिना आवडत नाही. उकाडा असतो, अंगाला घामाची चिकटी असते, समुद्रावरून येणारा वाराही गरम वाटतो. पण वेंगुर्लं खऱ्या अर्थाने राबताना बघायचं तर हेच दिवस. पाऊस उंबरठ्यावर असतो आणि घराघरात चार महिन्यांची बेगमी चाललेली असते.

आधी बंदराचं सांगते. डच व्यापाऱ्यांनी 1637-38 च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाहीच्या परवानगीने इथं वखार घातली. त्यांचा डोळा गोव्यावर होता. पोर्तुगीजांची नाकेबंदी करायची तर जहाजांना पाणी, धान्य, लाकूड जवळच कुठंतरी मिळायला हवं, आणि वेंगुर्लं गोव्याच्या अगदी डोक्यावर. ती वखार अजून उभी आहे, म्हणजे तिच्या भिंती उभ्या आहेत. संरक्षित स्मारक असूनही चिऱ्यांच्या फटींतून झाडांची मुळं उतरली आहेत. साडेतीन शतकांपूर्वी युरोपातल्या दोन दर्यावर्दी सत्तांच्या झगड्यातलं हे एक महत्त्वाचं ठाणं होतं, हे तिथं उभं राहिल्यावर कळावं अशी तिची निगा राखली जायला हवी. मला या वास्तूची आजची अवस्था बघवत नाही.

पुढे 1812 मध्ये सावंतवाडीकरांकडून वेंगुर्लं इंग्रजांकडे गेलं आणि बंदराचे खरे भरभराटीचे दिवस आले. बेळगावच्या लष्करी छावणीला लागणारा माल इथं उतरायचा आणि आंबोलीच्या घाटातून वर चढायचा. आज आंबोलीला धबधबा बघायला जाणारे लोक ज्या रस्त्याने जातात, त्याचं पूर्वीचं काम हे बंदर आणि घाटमाथा यांना जोडण्याचं होतं. नगरपालिका आली ती 1876 मध्ये. पुढं गोव्यातलं मुरगाव बंदर रेल्वेने घाटावर जोडलं गेलं, 1888 मध्ये, आणि वेंगुर्ल्याचा माल तिकडे वळला. बैलगाडीने घाट चढायचा की आगगाडीने, यात निवड करायला व्यापाऱ्याला वेळ लागत नाही. त्यानंतर शतकभराने, 1998 मध्ये, कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तीही गावापासून लांब, आत कुडाळ-सावंतवाडीवरून. प्रवासी बोट त्याच्या आधीच बंद झाली होती.

इतक्या वेळा व्यापाराने पाठ फिरवलेली गावं बहुतेक वेळा मुकाट होतात. वेंगुर्लं तसं झालं नाही, कारण ते जमिनीकडे वळलं. कॅम्प भागाच्या बाजूने गेलं की फळ संशोधन केंद्र लागतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली ते आज चालतं, पण विद्यापीठ 1972 चं आणि केंद्र 1957 पासूनचं. काजू हे मुळात ब्राझीलचं झाड, पोर्तुगीजांनी ते या किनाऱ्यावर आणलं. पूर्वी काजू म्हणजे वरकस जमिनीत, डोंगरउतारावर आपोआप वाढलेलं झाड, कुठलं जास्त देई, कुठलं कमी. या केंद्राने चांगली झाडं निवडली, त्यांचे संकर केले आणि ‘वेंगुर्ला’ या नावाने एकामागून एक जाती दिल्या. त्यातली वेंगुर्ला-4 आणि मोठ्या बीची वेंगुर्ला-7 आज कोकणातच नव्हे, कोकणाबाहेरच्या बागांतही लावतात. मृदुकाष्ठ पद्धतीने कलम बांधणं शेतकऱ्यांपर्यंत नेण्यात या केंद्राचा हात मोठा आहे. हापूस आणि नीलम यांच्या संकरातून आलेला ‘रत्ना’ आणि अगदी पातळ कोय असलेला ‘सिंधू’ हे दोन्ही आंबे इथलेच. एका लहान गावाचं नाव बियाण्याच्या नावाने दूरदूर पोचावं, हा मान मला बंदराच्या जुन्या वैभवाइतकाच मोठा वाटतो.

आईच्या परड्यातही वेंगुर्ला-4 चं एक झाड आहे. मे अखेरीस त्याला फारसं काही उरलेलं नसतं. या दिवसांचं खरं काम असतं ते रातांब्यांचं. पहाटेच रातांबे झाडून आणायचे, कारण ऊन चढलं की झाडाखाली बसवत नाही. पिकलेली लालभडक फळं अर्धी कापायची, बिया आणि गर एका भांड्यात, सालं दुसऱ्यात. गराला मीठ लावलं की रस सुटतो, तेच आगळ. सालं त्या रसात बुडवायची, खळ्यात चटईवर पसरून उन्हात वाळवायची, संध्याकाळी गोळा करायची, परत बुडवायची, परत वाळवायची. असं पाच-सात वेळा केलं की सालं काळपट, मऊ आणि चिकट होतात आणि वर्षभर टिकतात. हीच कोकमं किंवा आमसुलं, त्यांना कोकणात सोलां म्हणतात. बियांचंही काही वाया जात नाही. त्या वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तेल तरंगतं. ते थिजतं, त्याच्या वड्या करून ठेवायच्या आणि पावसात भेगाळलेल्या टाचांना लावायच्या. हे सगळं करताना आईचे हात मनगटापर्यंत जांभळे होतात आणि महिनाभर तसेच राहतात.

मी मदत करायला बसले की ती पहिल्या तासाभरातच म्हणते, “वायच पडान घे गो, मगे जा बंदरावर.” मी म्हणते, एवढी सोलां कुणाला? तिचं उत्तर ठरलेलं, “पावसात काय खातलंस?” मी पावसात पुण्यात असणार हे तिला माहीत असतं. त्यातलं निम्मं माझ्या पिशवीत जाणार हेही.

दुपारी फणस. कापा असेल तर गरे लगेच संपतात. बरका असेल तर त्याचा रस चाळणीतून काढून ताटाला तूप लावून पसरायचा आणि साटं घालायची. पलीकडच्या काकी त्यांची ताटं आमच्या खळ्यात आणून ठेवतात, कारण आमच्याकडे ऊन जास्त वेळ असतं. मग ताटांवर राखण म्हणून बसलेली मुलं, कावळ्यांना हाकलणं, आणि कुणाच्या घरचं लग्न कधी याच्या गप्पा. याच दिवसांत मांगरात लाकडं रचली जातात आणि पडवीला चुडतांची, म्हणजे माडाच्या झावळ्यांची, झड बांधली जाते, म्हणजे पावसाचा मारा आत येत नाही. हल्ली झडीऐवजी निळा प्लास्टिकचा कागद दिसतो. आई अजून चुडतांचीच बांधून घेते. विणणारा माणूस मिळेपर्यंत तिची चिंता संपत नाही.

खाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं. सकाळी घावणे, दहा-साडेदहाला उकड्या तांदळाची पेज आणि सोबत भाजलेला सुका बांगडा किंवा मिठातली कैरी. दुपारच्या जेवणाचं ठरतं बाजारावर. इथल्या जुन्या बाजाराला लोक क्रॉफर्ड मार्केट म्हणतात. मासळी विकायला बसलेल्या बायका वाटे लावून बसतात, किलोचा हिशोब मोठ्या माशांना. बांगडे, तारल्या, पेडवे, सौंदाळे, कधी इसवण, कधी मोरी. बाजारात आईबरोबर गेलं की घासाघीस ती करत नाही, बाजारातली बाईच तिला ‘ह्यो वाटो घे, तो नको’ असं सांगते. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक असलं की असं होतं. बांगड्याचं तिखलं करताना तिरफळं हवीतच. ती ठेचून शेवटी टाकायची, आमसुलं आधी. घाटावर कुठल्याही हॉटेलात ‘मालवणी’ नावाने जे मिळतं त्यात बहुधा ह्याच दोन गोष्टी नसतात, आणि म्हणून ते मालवणी होत नाही. शिरवळे मात्र पाहुणा आला तरच होतात. तांदळाच्या पिठाचे उकडलेले मुटके साच्यातून दाबून काढायला दोन माणसं लागतात. वेलची घातलेल्या गुळाच्या नारळरसात ते बुडवून खायचे.

संध्याकाळी ऊन कललं की बंदर. वर टेकाडावर दीपस्तंभ आहे. हवा स्वच्छ असेल तर आत समुद्रात वेंगुर्ला रॉक्स नावाचे खडक दिसतात. त्या खडकांतल्या गुहांमध्ये पाकोळ्यांची वसाहत आहे. त्या लाळेपासून घरटी बांधतात आणि परदेशात ती खाण्यासाठी महाग विकली जातात. त्यामुळे त्यांची चोरी होत असे, आणि त्यांच्या राखणीसाठी पक्षीप्रेमींना झगडावं लागलं. नवाबागला खाडीवर आता झुलता पूल झाला आहे, तिथं गर्दी असते. मला त्यापेक्षा उभादांड्याची सागरेश्वराची पुळण आवडते, सुरूच्या बनाची. सकाळी रापण ओढतात तेव्हा जावं. लांबलचक जाळं होडीतून अर्धगोलात टाकायचं आणि दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून ओढायचं. ओढायला जो हात लावेल त्याला मासळीतला काही वाटा मिळतो, ही जुनी रीत अजून काही ठिकाणी आहे. पण यांत्रिक बोटींची मोठी पर्ससीन जाळी आणि रात्री दिवे लावून होणारी मासेमारी यांमुळे किनाऱ्याजवळ येणारी मासळी कमी झाली, अशी इथल्या गाबीत मच्छीमारांची तक्रार आहे. सरकारने निर्बंध घातले आहेत, अंमलबजावणीवरून वाद चालू आहेत. ज्याचं पोट किनाऱ्यावर ओढल्या जाणाऱ्या जाळ्यावर आहे, त्याच्या बाजूने या वादात उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.

गावाच्या दुसऱ्या टोकाला एक जागा आहे जी बघायला लोक बाहेरगावहून येतात आणि ती आहे कचरा डेपो. काही वर्षांपूर्वीपर्यंत तिथं इतर कुठल्याही गावासारखा दुर्गंधीचा ढीग होता. नगरपालिकेने घराघरातून कचरा वेगळा करून घ्यायला सुरुवात केली. ओला कचरा बायोगॅसला आणि खताला, प्लास्टिक बारीक करून डांबरी रस्त्याच्या कामाला, आणि डेपोच्या जागेवर झाडं लावून बाग केली. आई आता चार डबे ठेवते आणि पाहुण्यांनी चुकीच्या डब्यात काही टाकलं तर उचलून योग्य डब्यात घालते. गावाला ही सवय लागली हे मला सगळ्यात मोठं वाटतं, कारण यंत्रं विकत आणता येतात.

कवी मंगेश पाडगावकरांचा जन्म वेंगुर्ल्याचा, 1929 चा. जवळच शिरोड्याला वि. स. खांडेकर 1920 ते 1938 शिक्षक होते आणि त्यांच्या सुरुवातीच्या लेखनाची भूमी ती. त्याच शिरोड्याच्या मिठागरांवर 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. मध्ये आरवली, जयवंत दळवींचं गाव, ‘सारे प्रवासी घडीचे’मधून वाचकांना आधीच परिचित झालेलं. तिथल्या वेतोबाला केळ्यांचे घड आणि भलीमोठी पायताणं वाहतात. देव रात्री गावची राखण करत फिरतो, म्हणून त्याची पायताणं झिजतात, अशी श्रद्धा आहे. आई दर वर्षी मला तिथं घेऊन जाते. मोचेमाडच्या वळणावर डोंगरावरून समुद्र दिसतो तिथं रिक्षा थांबवते, मिनिटभर बघते, मग चल म्हणते. सातेरी, रामेश्वर, मानसीश्वर या गावातल्या देवळांत तिला पायी जायचं असतं. सातेरी म्हणजे वारुळाच्या रूपात पुजली जाणारी भूमाता. तिथं सभामंडपात दुपारीही थंडावा असतो आणि बसायला कुणी मज्जाव करत नाही.

ज्यांना जायचं असेल त्यांनी दिवस नीट निवडावेत. सुरंगीचे वळेसार, म्हणजे गजरे, हवे असतील तर मार्च, ती फुलं आरवली-सोन्सुरे पट्ट्यात फार आहेत. दशावतार बघायचा असेल तर तुळशीच्या लग्नानंतरच्या जत्रा, मोचेमाडकरांसारख्या जुन्या मंडळ्या या तालुक्यातल्याच आहेत. तालुक्यातच चिपीला विमानतळ झाला आहे आणि गोव्याचा मोपाही फार लांब नाही. मे महिन्यात गेलात तर महिना संपायच्या आत जा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, बाजारात ताजी मासळी तुरळकच दिसते आणि सुक्याचे भाव चढतात. कोकमं घ्यायची तर दुकानातल्या पाकिटापेक्षा घरी करणाऱ्या बायकांकडून घ्या. बोटाने दाबून बघा, मऊ असतील आणि वर मिठाचे खडे दिसत नसतील तर चांगली. आगळ बाटलीत घट्ट बूच लावून मिळतं, प्रवासात आडवी ठेवू नका.