जास्तीचे दोन पाटे

गेल्या उन्हाळ्यात पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात पहाटे आडत्याने आमच्या टोमॅटोचं सगळ्यात खालचं कॅरेट ओढून काढलं. कॅरेटच्या जाळीतून रस गळत होता. वरचा माल तोच, तोडा तोच, तोडणाऱ्या बायकाही त्याच. "खालचा माल दबलाय," एवढं बोलून त्याने भाव पाडला. मला राग आला. पण तो माझ्या गाडीवर निघायला हवा होता, हे कळायला अजून दोन खेपा जाव्या लागल्या.

आमची सांगवी नीरेच्या काठावर. पूल ओलांडला की फलटण तालुका, जिल्हाही बदलून सातारा होतो. इकडच्या अंगाला कालव्याचं पाणी, त्यामुळे ऊस सगळीकडे. उसाच्या जोडीला कुणी केळी लावतं, कुणी टोमॅटो. ऊस बैलगाडीने नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनी कारखान्याला जातो. बाकी जे जे हलवायचं असतं, म्हणजे दुधाचे कॅन, खताची पोती, केळीचे घड, आषाढात दिंडीचं सामान, ते पिकअप ओढते. आमची पिकअप मी जुनी घेतली, इंदापूरच्या बाजूने आलेली. मागून चांगली उंच दिसायची. घेताना मला तेच आवडलं होतं. गाडी ताठ उभी आहे म्हणजे अंगात दम आहे, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात.

ती ताठ का उभी होती, ते बारामतीतल्या एका पाटेवाल्या मिस्त्रींनी दाखवलं. ते खाली वाकले, मागच्या चाकामागे हात घालून बोटाने पाटे मोजले आणि म्हणाले, "आण्णा, ह्यातलं दोन पाटं कंपनीचं न्हाईत. ट्रकचं कापून बसवल्यात." कंपनीचे सहा, वरून हे दोन. आधीच्या मालकाने खडी-वाळू वाहायला घातलेले असावेत.

पाटा म्हणजे काय, हे टांग्यात बसलेल्या पिढीला सांगावं लागत नाही. बैलगाडीचा कणा थेट साटीखाली असतो, त्यामुळे प्रत्येक दगड पाठीला कळतो. टांग्याला पाटे असतात म्हणून बसणाऱ्याला ते सुख. पोलादाची एक लांब पट्टी कमानीसारखी वाकवायची, तिच्याखाली तिच्यापेक्षा आखूड, तिच्याखाली आणखी आखूड, असा थर लावून मधोमध एका बोल्टने आवळायचा. हा सेंटर बोल्ट. सगळ्यात लांब तो मेन पाटा, त्याच्या दोन्ही टोकांना वळवलेले डोळे. पुढचा डोळा चासीला पक्का बांधलेला असतो. मागचा मात्र झोपाळ्याच्या कडीसारख्या दोन पट्ट्यांना लटकतो. त्या पट्ट्यांना शॅकल म्हणतात. कमान दबली की ती लांब होते, आणि त्या लांबीला सरकायला जागा हवी, म्हणून हा झोपाळा. सगळा थर यू बोल्टांनी अॅक्सलवर आवळलेला असतो. एवढ्याच सामानावर पिकअपचा सारा संसार उभा आहे.

पाट्याचं काम दबण्याचं आहे. खड्ड्यात चाक उडतं तेव्हा तो वाकतो आणि तो धक्का हौद्यापर्यंत जाऊ देत नाही. त्याचा कडकपणा ठरवताना जाडी फार मोठं काम करते. रुंदी दुप्पट केली तर कडकपणा दुप्पट, पण जाडी दुप्पट केली तर आठपट. आमच्या गाडीचे मूळ पाटे 8 मिलिमीटरचे, घुसवलेले 9 चे. फरक एका मिलिमीटरचा, पण तसला एक पाटा मूळच्या जवळजवळ दीड पाट्याएवढा कडक. ढोबळ हिशेब केला तर सहावर दोन घातले आणि मागची बाजू दीडपट कडक झाली.

त्याने काय बिघडतं? ओझ्याखाली पाटा 10 सेंटिमीटर दबत असेल तर गाडी सेकंदाला साधारण दीड वेळा वरखाली होते. आपण चालतो तेव्हा पावलांची लय याच्याच आसपास असते, म्हणून अंगाला ती झुलणी जाणवत नाही. पाटा अडीच सेंटिमीटरच दबला तर तेच हेलकावे सेकंदाला तीनच्या वर जातात. तो झोका राहत नाही, हादरा होतो. मोरगाव, जेजुरी, सासवड, मग दिवे घाट अशी वाट तुडवत तळाच्या कॅरेटातला टोमॅटो रात्रभर हे हादरे खातो, आणि त्याच्या डोक्यावर चार कॅरेटांचं वजन असतं. शंभर किलोमीटरनंतर तो गळणारच. आडत्या बरोबर होता.

गाडी मागून उंच असली की नाक खाली जातं, हे मी इतके दिवस पाहूनही पाहिलं नव्हतं. हेडलाइटचा झोत चाकापुढेच पडायचा. घाटात पुढचं वळण उशिरा दिसायचं, मी काच पुसायचो. आणि त्याहून मोठी गोष्ट ब्रेकची. आमच्या पिकअपमध्ये मागच्या अॅक्सलपासून चासीला एक दांडी जोडलेली आहे. ओझं घातलं की चासी खाली येते, अंतर घटतं, आणि त्या दांडीला जोडलेला व्हॉल्व्ह मागच्या चाकांना ब्रेकचं जास्त तेल सोडतो. रिकाम्या गाडीत कमी सोडतो, म्हणजे मागची चाकं अडकून गाडी फिरत नाही. जास्तीच्या पाट्यांनी चासी वरच टांगून ठेवल्यामुळे, टनभर माल असूनही व्हॉल्व्हला वाटायचं की गाडी रिकामी आहे. घाट उतरताना सगळा भार पुढच्या ब्रेकवर पडायचा. पुढचे पॅड लवकर का झिजतात म्हणून मी दोनदा पॅड बदलले होते. मुलगा शेजारच्या सीटवर झोपलेला असताना मी या गाडीने दिवे घाट उतरलोय. ते आठवलं की आजही हाताला घाम येतो.

मिस्त्रींनी कामाला हात लावण्याआधी टेप काढला. सपाट फरशीवर गाडी उभी करून चारही चाकांच्या कमानीपर्यंतची उंची मोजली. डावीकडची मागची बाजू उजवीपेक्षा 3 सेंटिमीटर खाली होती. यालाही कारण आहे. आपला रस्ता मधे फुगीर असतो आणि डावीकडे उतरता, त्यामुळे डाव्या पाट्यावर वर्षानुवर्षं थोडं जास्त वजन येतं आणि तो आधी बसतो.

मग चाकं काढली, चासी घोड्यांवर घेतली. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, हे त्यांनी त्यांच्या पोऱ्याला माझ्यासमोर दोनदा सुनावलं. सेंटर बोल्ट खोलण्याआधी पाट्यांचा गठ्ठा शिकंज्यात आवळला, कारण दबलेला पाटा मोकळा सुटला तर माणसाचा जबडा फोडतो. एकेक पाटा वेगळा झाला तशी मधली काळी माती आणि गंज खाली पडला. पाणंदीतला चिखल थरांमध्ये जाऊन सुकतो, मग पाटे एकमेकांवर सरकत नाहीत, गाडी चरचरते. माझी गेली दोन वर्षं चरचरत होती.

डाव्या बाजूचा मेन पाटा सेंटर बोल्टच्या भोकापाशी तडकलेला निघाला. यू बोल्ट ढिला पडला की वाकण्याचा सगळा ताण त्या भोकावर येतो आणि पाटा तिथेच जातो. तो बदलायचा म्हणजे उजवीकडचाही बदलायचा. एका अंगाला नवा आणि दुसऱ्या अंगाला थकलेला पाटा असला की गाडी पुन्हा कलतेच.

बाकीचे पाटे चांगले होते, फक्त बसले होते. इथे मला मिस्त्रींचं खरं कसब दिसलं. त्यांनी फरशीवर खडूने एक कमान काढली, जशी हवी तशी. मग एकेक पाटा होडीसारखा उताणा करून दोन टेकूंवर ठेवला आणि मध्यापासून टोकाकडे बोट-बोट सरकत घणाचे ठोके दिले. दहा-बारा ठोके, खडूच्या रेघेवर ठेवून पाहायचं, पुन्हा ठोके. सगळं थंड. मी विचारलं, गॅसने तापवून झटकन वाकवता येत नाही का? ते म्हणाले, "तापावला की मेला." पाट्याचं पोलाद तापवून तेलात विझवलेलं आणि मग बेताच्या आचेवर पुन्हा शेकलेलं असतं, त्यातून त्याला उसळी येते. गॅसची ज्योत लावली की ते पाणी उतरतं. मग एकतर तो वाकून तसाच राहतो, नाहीतर काचेसारखा तडकतो. झटपट काम करून देणारे तापवतात. गाडीवाल्याला फरक कळतो तो दोन महिन्यांनी, रस्त्यात.

गाडी खाली घेण्याचा प्रकार जगात शौकानेही चालतो. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, पिकअप जमिनीला टेकेल इतकी खाली आणतात. कुणी पाटा आणि अॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालतं, कुणी वरचा पाटा अॅक्सलच्या खालून बांधतं. आपल्याकडेही काही पोरांना त्याचं वेड आहे. तसं केलं की अॅक्सल आणि चासी यांच्यात पाट्याला दबायला जागाच उरत नाही, म्हणून ओझ्याच्या गाडीला ते उपयोगाचं नाही. मला तर कंपनीने ठरवलेल्या उंचीवर परत यायचं होतं. कायदाही तेच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. जास्त वजनाला त्याच वर्षीच्या दुरुस्तीपासून कायद्यात 20 हजारांचा दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार. पाटे वाढवून आरसी बुकावरचा आकडा वाढत नाही. टायर, हाउसिंग, बेअरिंग, ब्रेक सगळं आधीचंच राहतं.

जोडताना थरांमध्ये ग्रीस, शॅकलला नवे बुश, यू बोल्ट नवे. ताणला गेलेला यू बोल्ट परत वापरत नाहीत. बुशाचे बोल्ट शेवटचे आवळले ते गाडी चाकांवर उभी केल्यानंतर, नाहीतर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं. मागचा एक शॉकअप तेल गाळत होता, म्हणून जोडीने बदलले. शॉकअप वजन पेलतो असं मीही समजत होतो. वजन पाटेच पेलतात. शॉकअप फक्त त्यांची उसळी जिरवतो, म्हणजे एका खड्ड्यानंतर गाडी चार वेळा नाचत नाही. सगळ्यात शेवटी ब्रेकच्या त्या दांडीचं अंतर नव्या उंचीप्रमाणे जुळवलं आणि भिंतीसमोर गाडी उभी करून हेडलाइट लावले.

गाडी मागून 6 सेंटिमीटर खाली आली. गावात दोघा-तिघांनी विचारलं, पाटे बसले का? मी म्हटलं, बसवले.

पहिली खेप मुद्दाम वजनकाट्यावरून नेली, एकूण वजन आरसी बुकाच्या आत ठेवून. पूर्वीपेक्षा बारा कॅरेट कमी घेतली. जेजुरीच्या अलीकडे थांबून बॅटरीच्या उजेडात पाट्यांकडे पाहिलं. कमान जवळजवळ सपाट झाली होती, पण उलटी झाली नव्हती. दबायला अजून जागा होती. यार्डात आडत्याने खालचं कॅरेट ओढलं, दोन टोमॅटो हातात घेऊन दाबले आणि काही न बोलता पावती फाडली. परत आल्यावर यू बोल्ट पुन्हा आवळून घेतले. पहिल्या ओझ्यानंतर पाटे एकमेकांवर नीट बसतात आणि नट अर्धा-पाऊण फेरा घेतातच.

चारही जास्तीचे पाटे, दोन्ही बाजूंचे मिळून, मी घरी आणून गोठ्याच्या भिंतीला टेकवले होते. दिवाळीआधी, कारखान्याच्या टोळ्या यायच्या सुमाराला, रस्त्याच्या कडेला घिसाड्यांचं एक बिऱ्हाड उतरलं. ऊसतोडीचा कोयता पाट्याच्या पोलादाचा असेल तर धार टिकते, म्हणून ते जुने पाटे शोधतच असतात. मी चारही दिले. भात्यावर म्हातारा बसला, लाल झालेला पाटा त्याच्या मुलाने सांडशीत धरला आणि सुनेने डोक्यावरून घण फिरवून पहिला ठोका घातला. संध्याकाळपर्यंत नऊ कोयते झाले. त्यातला एक त्यांनी मला दिला. आता तो गाडीत सीटमागे असतो.