पाय कुरतडणारे मासे

पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये माशांच्या टाकीत पाय सोडून खिदळणारी मंडळी दिसतात. मृत त्वचा खाणारे हे ‘गारा रूफा’ मासे मूळचे तुर्कस्तान आणि आसपासच्या नद्यांतले.

एप्रिल २०११मध्ये इंडोनेशियातून ब्रिटनला गेलेल्या ६,००० माशांत साथ पसरली. डोळे बाहेर आले, कल्ल्यांपाशी रक्तस्राव झाला. कारण निघाले स्ट्रेप्टोकॉकस अ‍ॅगॅलॅक्टी हे जिवाणू. पुढे हीथ्रो विमानतळावर अडवलेल्या खेपांत एरोमोनास आणि व्हिब्रिओ व्हल्निफिकस हे जिवाणूही सापडले. तेही अनेक प्रतिजैविकांना न जुमानणारे!

निरोगी माणसाला धोका कमीच. पण कात्री उकळता येते, मासा कसा उकळणार? तो एकाच्या टाचेवरून सरळ दुसऱ्याच्या टाचेवर.

मधुमेही, प्रतिकारशक्ती कमी असलेले, पायाला जखम असलेले आणि नुकतेच पायांचे वॅक्सिंग केलेले यांनी टाकीत पाय घालू नयेत, असे ब्रिटिश आरोग्य यंत्रणेने त्याच वर्षी सांगितले.