अतिप्रवाही आणि रोधी अणूंच्या सीमेवर

पुण्यात पाषाण येथील आयसर संस्थेच्या प्रयोगशाळेत रुबिडियमच्या अणूंचा वायू आधी लेसरने आणि मग बाष्पीभवनाने, म्हणजे जास्त ऊर्जेचे अणू निसटू देऊन, इतका थंड केला जातो की उरलेले अणू एकाच तरंगासारखे वागू लागतात. बोस आणि आइन्स्टाइन यांनी १९२४-२५ मध्ये भाकीत केलेली ही अवस्था होय. अशा थंड अणूंना उभ्या प्रकाशतरंगाचे धक्के देऊन केलेले या गटाचे संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. हाच तरंग तिन्ही दिशांनी सतत चालू ठेवला, तर प्रकाशाच्या खळग्यांचे जालक तयार होते.

खळगे उथळ असताना अणू एकातून दुसऱ्यात सहज झिरपतो. ही अतिप्रवाही अवस्था. लेसरची शक्ती वाढवली की खळगे खोल होतात, एका खळग्यात आणखी एक अणू घालणे ऊर्जेच्या दृष्टीने महाग पडते आणि प्रत्येक खळग्यात ठरावीक पूर्ण संख्येचे अणू अडकतात. ही मॉट रोधी अवस्था. म्यूनिखमध्ये २००२ साली जालक एकाएकी बंद करून विखुरणाऱ्या अणूंची सावली टिपली गेली, तेव्हा अतिप्रवाही वायूत रेखीव ठिपके दिसले, रोधी वायूत नुसता धूसर डाग. आणि खोली पुन्हा कमी करताच सुमारे ४ मिलिसेकंदांत ते ठिपके परतले.

प्रत्यक्षात मात्र अणूंना धरून ठेवणारा सापळा मध्यभागी खोल असल्यामुळे दोन्ही अवस्था एकाच ढगात थरांनी नांदतात, आणि खरे कुतूहल त्यांच्या सीमेचे आहे. बारामती-इंदापूरकडे नीरा डाव्या कालव्याची पाळी आली, की चारी वाहती असते, वाफ्यातले पाणी बांधाआड थांबलेले असते आणि दारे धरणाऱ्याचे सारे लक्ष वाफ्याच्या तोंडाशी असते, तसेच येथे होते. फरक एवढाच, की वाफ्यात पाणी कमीजास्त मावते, खळग्यात अणू पूर्णांकानेच राहतात. अतिप्रवाही तरंग सीमेलगतच्या रोधी खळग्यांत थोडा शिरतो आणि लवकरच क्षीण होतो, म्हणून रोधी थर ओलांडून अणूंची आणि उष्णतेची देवघेव अतिशय मंद चालते. शिकागो येथे २०१० मध्ये सीझियमच्या अणूंवर हे प्रत्यक्ष मोजले गेले: संपूर्ण ढग स्थिरावण्यास, शेजारच्या खळग्यात उडी मारण्यास लागणाऱ्या वेळाच्या शंभरपटीहून अधिक काळ लागला, आणि तोवर मध्यभागाचे परिणामी तापमान कडेपेक्षा कमी राहिले.