समान अक्षांवरील आलेख : वाण चाचण्यांच्या वाचनाची विश्वसनीय रीत

बहुस्थानी वाण चाचण्यांतून आकडे विपुल मिळतात. परंतु प्रत्येक ठिकाणाचा आलेख निराळ्या मापावर काढल्यास तुलना फसवी ठरते. एका आलेखाचा उत्पादन-अक्ष ० ते ५० क्विंटल आणि शेजारचा २० ते २५ क्विंटल असेल, तर दोन क्विंटलांचा फरक पहिल्यात नगण्य आणि दुसऱ्यात प्रचंड भासतो. सर्व आलेखांना एकच अक्ष दिल्यास समान अंतर म्हणजे समान उत्पादन, हे तत्काळ उमगते.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झालेल्या सातूच्या चाचण्या याचे बोधक उदाहरण आहेत. १९३१ व १९३२ मध्ये ६ ठिकाणी घेतलेल्या १० वाणांचे उत्पादन १९३४ साली इमर, हेज व पॉवर्स यांनी प्रसिद्ध केले. ही आकडेवारी संख्याशास्त्रज्ञांनी वारंवार अभ्यासली. पुढे विल्यम क्लीव्हलँड यांनी १९९३ च्या ग्रंथात तिचे सहा आलेख एकाच उत्पादन-अक्षावर मांडले आणि दोन वर्षे दोन चिन्हांनी दर्शविली. पाच ठिकाणी १९३१ चे उत्पादन एकंदरीत सरस दिसले. मॉरिस येथे मात्र चित्र नेमके उलटे होते. तेथील वर्षांची अदलाबदल झाली असावी, असा क्लीव्हलँड यांचा तर्क होता. २०१३ मध्ये केव्हिन राइट यांनी अधिक नोंदी तपासून असा फरक नैसर्गिकरीत्याही संभवतो, असे दाखविले. आलेखाने प्रश्न उपस्थित केला. उत्तरासाठी मूळ नोंदींकडेच जावे लागले.

ही आकडेवारी ‘आर’ या संगणकीय भाषेच्या ‘लॅटिस’ संचात उपलब्ध आहे. ‘लॅटिस’ तसेच ‘जीजीप्लॉट’ मधील ‘फॅसेट रॅप’ ही आज्ञा वेगळी सूचना नसल्यास सर्व आलेखांना समान अक्ष देतात. पायथॉनच्या ‘मॅटप्लॉटलिब’ मध्ये मात्र समान अक्षांची सूचना स्पष्टपणे द्यावी लागते.

सरसकट समान अक्ष योग्य नव्हेत. पर्जन्यमान व जमिनीतील ओलावा यांची एकके भिन्न असल्याने उभे अक्ष स्वतंत्र ठेवून दिनांकाचा आडवा अक्ष तेवढा सामाईक ठेवावा. ठिकाणे व वाण वर्णानुक्रमाऐवजी मध्यक उत्पादनाच्या क्रमाने लावावेत. त्यामुळे वेगळे वागणारे ठिकाण चटकन नजरेस येते. असे ठिकाण आढळल्यास आकडा वगळण्यापूर्वी प्रक्षेत्र नोंदवही, पेरणीची तारीख व पर्जन्याची नोंद पडताळावी. शिफारशीची विश्वासार्हता या पडताळणीवरच अवलंबून असते.