इंजिनाचा कोंडलेला श्वास

मोटारीचे इंजिन चालू असताना तेल भरण्याचे झाकण काढले, तर त्या तोंडातून तेलकट वासाचे ऊन वारे बाहेर पडते. झिजलेल्या इंजिनात त्याचा जोर इतका असतो, की कारागीर त्यावरूनच इंजिनाच्या प्रकृतीचे निदान करतात. गॅरेजच्या बोलीत ह्यास 'बॅक कॉम्प्रेशन' असे म्हणतात. हे वारे येते कोठून, आणि त्यास वाट कोणती द्यावी?

सिलिंडरात इंधन व हवा ह्यांचे मिश्रण पेटले, की तेथील दाब वातावरणाच्या दाबाच्या अनेक पटींनी वाढतो व दट्ट्या खाली ढकलला जातो. दट्ट्याभोवती धातूच्या कड्या असतात. परंतु उष्णतेने त्या फुगतात, म्हणून प्रत्येक कडीच्या दोन टोकांत बारीक फट ठेवावीच लागते. तेथून थोडा वायू निसटून खालच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे दट्ट्यांनी फिरविलेला दांडा ज्या पेटीत असतो तीत, उतरतो. त्यात न जळलेले इंधन व पाण्याची वाफ असते. दांड्याने उडविलेले वंगणतेलाचे सूक्ष्म थेंबही त्यात मिसळतात. पेटीस वाट नसेल, तर दाब साठत जाऊन दांड्याच्या टोकांवरील तेलरोधक कड्यांतून तेल बाहेर झिरपू लागते.

प्रारंभी ही वाट फार सोपी होती. पेटीतून एक नळी खाली रस्त्याकडे सोडलेली असे व वायू हवेत मिसळून जात. पुढे लॉस अँजेलिस शहरावर डोळे झोंबविणारे धुरके दाटू लागले. त्याचे कारण शोधताना हागेन-स्मित ह्या रसायनशास्त्रज्ञाने 1952 च्या सुमारास दाखवून दिले, की इंधनाची न जळलेली बाष्पे व नायट्रोजनाची ऑक्साइडे ह्यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन निर्माण होतो. मोटारीतून सुटणाऱ्या अशा बाष्पांचा सुमारे एक पंचमांश भाग धुराड्यातून नव्हे, तर ह्या साध्या नळीतून येत होता. तेव्हा हे वायू झडपेच्या नियंत्रणाखाली पुन्हा इंजिनाच्या हवानळीत ओढून जाळण्याची योजना 1961 पासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत, व 1963 पासून सर्व अमेरिकेत, रूढ झाली.

मात्र शक्ती वाढविण्यासाठी इंजिनावर टर्बोचार्जर बसविला, की हा मेळ बिघडतो. टर्बोचार्जर हवा दाबून आत भरतो; त्यामुळे जेथे शोषण होते, त्याच नळीत जोराच्या वेळी उलट दाब निर्माण होतो. सिलिंडरातील दाब वाढल्याने निसटणारा वायूही वाढतो. म्हणून झडपेने उलटा प्रवाह रोखावा लागतो, आणि दुसऱ्या नळीने हे वायू टर्बोचार्जरच्या तोंडाशी, जेथे सौम्य शोषण असते, न्यावे लागतात. त्यांबरोबर गेलेले तेल हवानळ्यांत साचते व ज्वलनाच्या वेळी इंजिन ठोके देण्याची शक्यता वाढविते.

ह्यावर उपाय म्हणजे वाटेत बसविलेला तेलसंग्राहक डबा. त्यात वायूचा वेग मंदावतो आणि आडव्या पत्र्यांमुळे त्यास वारंवार वळावे लागते. हलका वायू वळतो. जड थेंब मात्र पत्र्यावर आदळतात, एकत्र होतात व तळाशी उतरतात. थंडीत वाफेचे पाणी तेलात मिसळून दुधट लगदाही जमतो. डबा वेळच्या वेळी रिकामा केला पाहिजे. नळ्याही पुरेशा रुंद हव्यात. अरुंद नळी किंवा तुंबलेली जाळी दाब मोकळा करण्याऐवजी कोंडून ठेवते, आणि मग उपायच अपायाचे कारण होतो.

शर्यतीच्या मोटारींत असा डबा पुष्कळदा हवेत उघडाच सोडतात. तेथे त्याचा मुख्य हेतू धावपट्टीवर तेल सांडून मागून येणाऱ्या मोटारी घसरू नयेत, हा असतो. परंतु डबा तेल अडवितो, इंधनाची बाष्पे अडवीत नाही. रस्त्यावरील मोटारीत तो उघडा ठेवणे म्हणजे साठ वर्षांपूर्वी टाकून दिलेली नळी पुन्हा बसविणेच होय. भारतातही नव्या पेट्रोल मोटारींच्या चाचणीत क्रँककेसचे वायू हवेत सोडण्यास मुभा नाही. म्हणून डब्यातून बाहेर पडणारी नळी इंजिनाच्या श्वासमार्गासच परत जोडावी आणि तळाचे घाण तेल गटारात न ओतता वापरलेल्या तेलाबरोबर जमा करावे, हेच योग्य.