एका बॉनेटखाली डिझेल आणि वीज

२०१४ साली मोरोक्कोतल्या टँजियर बंदरातून एक मर्सिडीज निघाली. समुद्र ओलांडून ती स्पेनला लागली, तिथून फ्रान्स उभा कापला आणि इंग्लंडमधल्या गुडवुडला जाऊन थांबली. १,९६८ किलोमीटरच्या या प्रवासात तिच्यात थेंबभरही इंधन नव्याने भरले नाही. टाकी ८० लिटरची. म्हणजे लिटरला जवळपास २५ किलोमीटर पडले, आणि तेही पावणेदोन टनांहून जड असलेल्या ऐसपैस सेडानला. मुंबईहून निघून दिल्ली गाठावी, परतीचे आणखी पाचशे किलोमीटर कापावेत आणि वाटेत एकाही पंपावर वळू नये, असा हा पल्ला. गाडीचे नाव ‘ई ३०० ब्लूटेक हायब्रिड’. तिच्या बॉनेटखाली २.१ लिटरचे डिझेल इंजिन होते आणि जोडीला २० किलोवॅटची विजेची मोटर.

आपल्याकडे शोरूममध्ये पाय ठेवला की विक्रेता आधी विचारतो, “रनिंग किती आहे?” रनिंग जास्त असेल तर डिझेल घ्या, हे उत्तर कित्येक वर्षे ठरलेले होते. त्या गिऱ्हाइकाला डिझेलचे ॲव्हरेज आणि हायब्रिडची बचत एकाच गाडीत मिळत असेल, तर त्याला आणखी काय हवे? तरीही अशा गाड्या जगभरात चार-दोन कंपन्यांपुरत्याच राहिल्या. त्यामागे यंत्रशास्त्र आहे, पैशाचे गणित आहे आणि एक फार मोठी लबाडीही आहे.

डिझेल आणि विजेची जोडी मुळात नवी नाही. वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून बनू लागलेले ‘डब्ल्यूडीएम-२’ हे रेल्वेचे इंजिन डिझेल-इलेक्ट्रिकच होते. त्यात डिझेल इंजिन चाके फिरवत नाही, ते जनित्र फिरवते. त्या विजेवर चाकांजवळच्या मोटरी चालतात. २०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण होईपर्यंत कोकण रेल्वेच्या गाड्या अशाच इंजिनांनी ओढल्या. पण या इंजिनाला हायब्रिड म्हणता येत नाही, कारण वीज साठवायला त्यात मोठी बॅटरी नाही. उतारावर मोटरींनीच वेग रोखला जातो, तेव्हा तयार होणारी वीज रोधकांमध्ये नुसती उष्णता होऊन हवेत जाते. हायब्रिड मोटारीचे सगळे मर्म ही वाया जाणारी वीज धरून ठेवण्यात आहे.

ती किती असते? खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना सुमारे ५०० मीटर उंची कमी होते. दोन टनांची गाडी एवढी खाली येते तेव्हा साधारण पावणेतीन युनिट ऊर्जा मोकळी होते. त्यातली बरीचशी चाकांच्या घर्षणात आणि हवा कापण्यात खर्च होते. उरलेली एरवी ब्रेक तापवण्यात जाते. हायब्रिड गाडीत त्यातली युनिटभर वीज हाती लागू शकते. मात्र ती ठेवायला जागा हवी. टँजियरहून निघालेल्या त्या मर्सिडीजची बॅटरी जेमतेम ०.८ युनिटची होती, म्हणजे बोरघाट पुरता उतरण्याआधीच ती भरून जाईल. बॅटरी मोठी करावी तर वजन आणि किंमत दोन्ही चढतात. पुढची सगळी कहाणी या एका अडचणीभोवती फिरते.

पेट्रोल इंजिनाचा एक जुना दोष आहे. कमी वेगात, कमी भारावर चालताना त्याला थ्रॉटलच्या अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढून घ्यावी लागते आणि त्यातच बरीच शक्ती जाते. सिग्नल ते सिग्नल धावणाऱ्या गाडीत हा तोटा मोठा असतो. नेमक्या त्या वेळी इंजिन बंद ठेवून मोटरवर गाडी चालवली की बचत ठळक दिसते. डिझेल इंजिनात शक्ती कमी-जास्त करायची ती इंधनाच्या फवाऱ्याने, हवेचा गळा आवळून नव्हे. त्यामुळे कमी भारावरही ते तुलनेने काटकसरीनेच चालते. अशा इंजिनाला हायब्रिड जोडणे म्हणजे ज्याला ताप कमी त्याला तापाचे महागडे औषध देणे. गुण येतो, पण थोडा.

खर्च मात्र दुप्पट होतो. डिझेल इंजिन उच्च दाब सोसायचा म्हणून जाडजूड, त्यावर टर्बो, कॉमन रेल, धूर गाळणारी यंत्रणा. हे सगळे आधीच महाग. त्यात मोटर, बॅटरी आणि त्यांचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले. दरम्यान पेट्रोलवाले गप्प बसले नव्हते. टोयोटाने डिसेंबर १९९७ मध्ये जपानात प्रियस आणली आणि हायब्रिडसाठीच घडवलेल्या पेट्रोल इंजिनांची औष्णिक कार्यक्षमता पुढच्या दोन दशकांत ४० टक्क्यांपर्यंत नेली. मोटारीतले चांगले डिझेल इंजिनही त्याच्या फारसे पुढे नसते. डिझेलची जी खरी आघाडी होती, ती इथे मिटली.

प्रयत्न मात्र थोडे झाले नाहीत. १९९३ मध्ये अमेरिकी सरकारने तिथल्या तीन मोठ्या मोटार कंपन्यांना बरोबर घेऊन एक कार्यक्रम आखला होता. गॅलनला ८० मैल, म्हणजे लिटरला सुमारे ३४ किलोमीटर जाणारी कुटुंबाची गाडी बनवायची, हे उद्दिष्ट. २००० पर्यंत जीएमची प्रिसेप्ट, फोर्डची प्रॉडिजी आणि क्रायस्लरची ईएसएक्स-३ अशा तीन नमुना-गाड्या उभ्या राहिल्या, आणि तिन्ही डिझेल-हायब्रिड निघाल्या. कागदावर उत्तर तेच येत होते. विक्रीला एकही आली नाही. त्याआधी १९९७ मध्ये ऑडीने ‘डुओ’ बाजारात आणून पाहिली होती, पण तिच्या खपाने शंभरचा आकडाही गाठला नाही.

खऱ्या अर्थाने कारखान्यातून सलग बाहेर पडलेली पहिली डिझेल-हायब्रिड म्हणजे प्यूजोची ‘३००८ हायब्रिड-४’. २०१२ च्या सुमारास ती युरोपच्या रस्त्यांवर आली. तिची रचना मोठी सुटसुटीत होती. पुढची चाके दोन लिटरच्या डिझेल इंजिनावर, मागची २७ किलोवॅटच्या मोटरवर, आणि दोन्हींना सांधणारा लोखंडी दांडा नाहीच. निसरड्या रस्त्यावर चारही चाके ओढ घेत, गल्लीबोळात मागची दोनच. कंपनीने १०० किलोमीटरला ३.८ लिटर असा आकडा दिला होता. त्याच वर्षी व्होल्वोने ‘व्ही ६०’ आणली. तिची ११.२ युनिटची बॅटरी घरच्या प्लगवर भरली की पहिले ५० किलोमीटर डिझेलला हातच लावायला नको. फोक्सवॅगनची ‘एक्सएल-१’ तर ७९५ किलोची, दोन सिलिंडरची, १०० किलोमीटरला ०.९ लिटर असा दावा असलेली गाडी होती. अशा अडीचशेच बनल्या आणि एकेकीची किंमत लाख युरोच्या वर होती.

एका गाडीचा मुंबईशी थेट संबंध आहे. २०१३ मध्ये डिझेल-हायब्रिड रेंज रोव्हर इंग्लंडमधल्या सॉलिहल कारखान्यातून निघून सुमारे १६ हजार किलोमीटर तुडवत मुंबईला, मालक असलेल्या टाटा मोटर्सच्या दारी आल्या. मध्य आशियातली वाळवंटे, हिमालयाच्या खिंडी आणि आपले महामार्ग अशी सगळी परीक्षा त्यांनी दिली.

आणि मग सप्टेंबर २०१५ उजाडला. फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांमध्ये तपासणी ओळखणारे सॉफ्टवेअर बसवल्याचे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने उघड केले. प्रयोगशाळेत गाडी स्वच्छ धूर सोडायची, रस्त्यावर मर्यादेच्या कितीतरी पट अधिक नायट्रोजन ऑक्साइड. जगभरातल्या सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत ते होते. लोकांच्या फुप्फुसांशी केलेली ही दगलबाजी होती आणि तिची शिक्षा प्रामाणिक डिझेल इंजिनांनाही भोगावी लागली. त्या वर्षी पश्चिम युरोपात विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक नव्या मोटारी डिझेलच्या होत्या; २०२४ मध्ये युरोपीय संघात हा वाटा १२ टक्क्यांच्या आसपास उरला. प्यूजोने हायब्रिड-४ डिझेल बंद केली आणि पुढची हायब्रिड पेट्रोलवर बांधली.

भारतातली गोष्ट याच सुमारास सुरू होते. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेले होते आणि डिझेल ४१ च्या आसपास. तेव्हा डिझेल गाडीसाठी महिनोन्‌महिने नंबर लावावा लागे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलवरचे दरनियंत्रण उठले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१५ मध्ये मारुतीने ‘सियाझ’चे डिझेल-हायब्रिड रूप आणले. इंजिन १.३ लिटरचे मल्टिजेट. फियाटने घडवलेले हे इंजिन रांजणगावच्या कारखान्यातही बनत असे. सियाझमधली हायब्रिड यंत्रणा अगदी हलकी होती. सिग्नलला गाडी न्यूट्रल करून क्लचवरचा पाय काढला की इंजिन बंद, क्लच दाबला की आवाज न करता चालू. वेग घेताना पट्ट्याने जोडलेली छोटी मोटर थोडा हात लावणार. निव्वळ विजेवर ती चालत नसे. पण प्रमाणित ॲव्हरेज लिटरला २८.०९ किलोमीटर होते आणि केंद्राच्या ‘फेम’ योजनेतले अनुदानही तिला लागू होते.

ते अनुदान एप्रिल २०१७ मध्ये हलक्या हायब्रिडपुरते काढून घेतले. जुलैमध्ये जीएसटी आला आणि मोठ्या हायब्रिड गाड्यांवर २८ टक्के कर अधिक १५ टक्के उपकर बसला. दोन वर्षांपूर्वी ज्या तंत्राला प्रोत्साहन दिले, त्यालाच चैनीच्या वस्तूंच्या रांगेत नेऊन बसवले. धोरणाची ही धरसोड महागात पडली. एवढ्या कमी काळात कुठलीही कंपनी नवे यंत्र बसवून, सुटे भाग देशात बनवून ते स्वस्त करू शकत नाही.

शेवटचा घाव एप्रिल २०२० च्या बीएस-६ निकषांचा. डिझेल मोटारीला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ वर आली. ही सक्ती आवश्यकच होती. शहरांच्या हवेसाठी ती आणखी आधी व्हायला हवी होती. पण त्यासाठी लागणारी उपकरणे छोट्या गाडीच्या किमतीत बसेनात आणि मारुतीने डिझेलच सोडले.

बीएस-६ डिझेल गाडी घेणाऱ्यांच्या ओळखीचा झालेला एक प्रसंग आहे. रोजची ये-जा आठ-दहा किलोमीटरची, तीही शहरातल्या गर्दीत. काही आठवड्यांनी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. काजळी धरणारा फिल्टर भरलेला असतो. ती काजळी जाळायला सुमारे ६०० अंश उष्णता लागते आणि रांगत्या गाडीत ती मिळत नाही. मेकॅनिक सांगतो, “हायवेला काढा आणि वीस-पंचवीस मिनिटं एका वेगात पळवा.” हायब्रिडमध्ये हे दुखणे दोन्ही बाजूंनी येते. इंजिन वारंवार बंद झाले तर धुराचे नळकांडे आणखी थंड पडते. उलट ४८ व्होल्टची वीज हाताशी असेल तर फिल्टर आणि उत्प्रेरक विजेनेच तापवता येतात, आणि ॲक्सिलरेटर दाबताक्षणी उसळणारा धूर मोटरच्या जोरावर दाबता येतो. नीट बनवलेली डिझेल-हायब्रिड साध्या डिझेलपेक्षा स्वच्छ असू शकते, हे इथे विसरता कामा नये.

नोव्हेंबर २०२२ मध्ये टोयोटाने जे केले त्यातून बाजाराचा कल स्वच्छ दिसला. इनोव्हा म्हणजे डिझेल, असे समीकरण महाराष्ट्रातल्या प्रत्येक टूरवाल्याच्या डोक्यात पक्के होते. नवी इनोव्हा हायक्रॉस आली ती पेट्रोल-हायब्रिड होऊन, आणि लिटरला २३ किलोमीटरच्या पुढचे प्रमाणित ॲव्हरेज घेऊन. डिझेलची क्रिस्टा तिच्याबरोबर विकली जात राहिली. तुलना पूर्ण न्याय्य नाही, कारण क्रिस्टा जड चौकटीवर बांधलेली, मागच्या चाकांवर चालणारी दणकट गाडी आहे. तरी कुटुंबासाठी सात आसनी घेणाऱ्याला उत्तर मिळाले. मुंबईत पेट्रोल आणि डिझेलमधला फरकही आता लिटरला तेरा-चौदा रुपयांवर आला आहे. शिवाय एक लिटर डिझेल जळताना सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते आणि पेट्रोल २.३, केवळ ॲव्हरेज पाहिले तर हा फरक दिसत नाही.

बसचे काय? थांबत-निघत जाणाऱ्या जड वाहनाला हायब्रिड सर्वांत जास्त मानवते. लंडनने २०१२ पासून एक हजार नव्या दुमजली बस डिझेल-हायब्रिड घेतल्या. २०१८ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलासाठी एमएमआरडीएने टाटांच्या २५ हायब्रिड बस घेतल्या, त्या बेस्टने चालवल्या. पण पुढच्या वर्षी पुण्यात पीएमपीच्या पूर्ण विजेवरच्या बस धावू लागल्या, आणि ठरावीक मार्ग, ठरावीक डेपो असलेल्या सेवेला मधल्या पायरीची गरज उरली नाही.

मग डिझेल-हायब्रिडला जागा उरते कुठे? जड आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांत. चाकणच्या मर्सिडीज कारखान्यात जुळणाऱ्या ‘सी २२० डी’मध्ये ४८ व्होल्टची स्टार्टर-जनित्र यंत्रणा आहे आणि तिचे प्रमाणित ॲव्हरेज लिटरला २३ किलोमीटर आहे. जून २०२५ मध्ये फॉर्च्युनरलाही २.८ लिटर डिझेलबरोबर ४८ व्होल्टची जोड मिळाली. बचत मोजकी, पण इंजिन चालू-बंद होताना झटका नाही आणि घाटात सुरुवातीचा जोर चांगला. छोट्या गाडीत न परवडणारा हा खर्च पन्नास लाखांच्या गाडीत लपून जातो.

दुसरी वाट घरी चार्ज होणाऱ्या डिझेलची. मर्सिडीजच्या ‘जीएलई ३५० डीई’ या युरोपातल्या गाडीत ३१.२ युनिटची बॅटरी आहे. सुमारे शंभर किलोमीटर विजेवर. पुण्यात आठवडाभर विजेवर आणि नागपूरला निघाले की डिझेलवर, असा वापर इथे खरोखर शोभेल. मात्र मालकाने रोज प्लग लावायला हवा. २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने प्रत्यक्ष वापराची माहिती तपासली, तेव्हा अशा गाड्यांचे कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीनपट निघाले. लोक चार्जिंग टाळतात आणि जड बॅटरी डिझेलवर वाहून नेतात.

सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलात एक ओळ लक्ष वेधते. १५०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरच्या आतल्या डिझेल-हायब्रिडला १८ टक्के कर, त्याहून मोठीला ४० टक्के, पूर्ण विजेच्या गाडीला ५ टक्के. त्या १८ टक्क्यांच्या चौकटीत बसणारी एकही डिझेल-हायब्रिड आज शोरूममध्ये नाही, आणि ती येण्याची शक्यता फार थोडी आहे. तेवढ्या पैशात पेट्रोल-हायब्रिड किंवा विजेची गाडी अधिक सहज बनते. मोठ्या डिझेल एसयूव्हींचे भवितव्य मात्र दुसऱ्या एका नियमावर अवलंबून आहे. कंपनीने विकलेल्या सर्व गाड्यांचे सरासरी कार्बन उत्सर्जन किलोमीटरला ११३ ग्रॅमच्या आसपास ठेवण्याचे बंधन २०२२-२३ पासून आहे. त्यात एक पूर्ण हायब्रिड गाडी दोन गाड्यांएवढी मोजली जाते, हलक्या हायब्रिडला तो लाभ नाही. एप्रिल २०२७ पासून हे बंधन आणखी आवळण्याची तयारी चालू आहे. दणकट डिझेल एसयूव्हींवर ज्या कंपन्यांचा गल्ला भरतो, त्यांना तेव्हा ४८ व्होल्टवर थांबता येणार नाही. पूर्ण डिझेल-हायब्रिड बनवायची की डिझेल सोडून द्यायचे, हे त्यांच्या अभियंत्यांना आत्ताच ठरवावे लागणार आहे.